ऑक्टोबरचं ऊन, चार पायांवर

ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे पाच वाजता पुण्याच्या वेताळ टेकडीवर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर आकाशात बऱ्यापैकी वर एक ठसठशीत तारा दिसतो. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आपल्याकडे तो मृगामागे लागलेला शिकारी. ग्रीकांनी मात्र त्याला शिकाऱ्याचा कुत्रा ठरवलं, आणि रोमन लोकांनी उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांना याच ताऱ्यावरून 'कुत्र्याचे दिवस' म्हटलं. टेकडीवर त्या वेळी आलेल्या मंडळींपैकी वर बघणारे थोडेच. बाकीच्यांचं लक्ष हातातल्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे असतं.

टेकडीवर माणसांना फारशी नावं नसतात. 'ब्रूनोची आई', 'सिंबाचे बाबा', 'त्या दोन पगवाल्या काकू' एवढ्यावर वर्षानुवर्षांची ओळख चालते. पावसाळ्यात ही वस्ती पांगते. चिखल, निसरड्या वाटा, घरी आल्यावर पंजे पुसायचा कंटाळा. मग सोसायटीभोवती दोन चकरा मारल्या, शी-शू उरकली, की काम भागतं. पाऊस गेला की सगळे पुन्हा वर येतात. आकाश धुतल्यासारखं निळं, गवत गुडघाभर, दिवाळीची सुट्टी तोंडावर. लांब फिरायला जावं असं वाटायला लावणारा हाच महिना आणि कुत्र्यांच्या बाबतीत फसवा महिनाही हाच.

फसवा अशासाठी, की एप्रिल-मेचा धाक सगळ्यांनाच असतो. त्या दिवसांत भर दुपारी कुत्रा रस्त्यावर काढायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं. ऑक्टोबरला आपण 'हीट' हा शब्द जोडला खरा, पण तो घाम पुसत तक्रार करण्यापुरता. त्याला उन्हाळा कुणी म्हणत नाही. पंचांगात तो शरद आणि कवितेत चांदणं. जुने वैद्य मात्र या ऋतूला ओळखून होते. शरद म्हणजे वैद्यांची आई, असं ते म्हणत, कारण पावसाळ्यात साठलेलं पित्त याच दिवसांत उसळतं आणि रोगी आपणहून दारात येतात. पशुवैद्यांनाही हे म्हणायला हरकत नाही.

या उकाड्याची रीत अशी. मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. पुण्यातूनही तो त्याच सुमारास निघतो. ढग हटतात, ऊन थेट जमिनीवर पडतं आणि जमीन तर अजून ओलीच असते. तिच्यातून वाफ निघत राहते, वारा पडलेला असतो, हवा दमट होते. मुंबईत त्यात जमिनीवरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांची भर पडते आणि समुद्रावरचा वारा उशिरा पोचतो. म्हणून ऑगस्टात 30 अंशांच्या आसपास असलेलं मुंबईचं कमाल तापमान ऑक्टोबरात 33-34 वर जातं. 2015 च्या ऑक्टोबरात तर मुंबईचा पारा 38 अंशांच्या पुढे गेला होता.

हे झालं दरवर्षीचं. 2024 चा ऑक्टोबर त्याच्याही वर गेला. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत उष्ण ऑक्टोबर. भारतीय हवामान खात्याच्या आकड्यांनुसार त्या महिन्याचं देशाचं सरासरी तापमान 26.92 अंश होतं. एरवी ते 25.69 असतं. सव्वा अंशाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण किमान तापमान पाहिलं तर ते 20.01 ऐवजी 21.85, म्हणजे जवळजवळ दोन अंशांनी चढलेलं. दुपारपेक्षा रात्र जास्त बिघडली होती. कुत्रा बाळगणाऱ्या माणसाचा सगळा हिशेब रात्रीवर आणि पहाटेवर असतो. दुपार त्याने कधीच सोडून दिलेली असते. पहाटही पुरती गार होत नसेल, तर फिरायला उरलेला वेळ आणखी आखडतो.

आता कुत्र्याच्या शरीराकडे वळू. माणसाच्या अंगात 102 ताप आला की घरात धावपळ सुरू होते. कुत्र्याचं ते रोजचं तापमान. साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट ही त्याची निरोगी अवस्था, आणि 105-106 च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा व्हायला लागते. मधलं अंतर तीन-चार अंशांचं.

आणि हे अंतर राखायला त्याच्याकडे साधनं तुटपुंजी. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलावर घाबरून उभ्या असलेल्या कुत्र्याच्या पायांचे ओले ठसे उमटतात, तो हा घाम. पण तेवढ्याने अंग काय गार होणार? खरं काम जीभ आणि नाक करतात. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा तापला की लाहालाहा करायला लागतो आणि श्वास मिनिटाला तीनशेच्या घरात जातात. श्वास उथळ असतो. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावरून हवा फिरत राहते, पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच हे. ज्या दमट दिवसांत माठ नीट गार होत नाही, त्या दिवसांत कुत्राही गार होत नाही. ऑक्टोबरची गोम इथे आहे. मे महिन्यातल्या पुण्याचं कोरडं ऊन कुत्र्याला भाजतं, पण त्याची वाफ तरी उडते. पाऊस नुकताच गेलेल्या हवेत, 32 अंशांतही, तो धापा टाकत राहतो आणि हाती फारसं काही लागत नाही.

त्यात कुत्रा थांबत नाही. माणूस दमला की दगडावर बसतो, पाण्याची बाटली काढतो, उतरायचं निमित्त शोधतो. लॅब्रेडॉरला चेंडू दिसला की तो पंचविसाव्यांदाही तेवढ्याच जिवाच्या आकांताने धावतो. मालक पुढे चालला आहे एवढं कारण त्याला पुरतं. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजशी जोडलेल्या संशोधकांनी नऊ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी तपासल्या आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश श्रमाने आजारी पडले होते, म्हणजे चालून, धावून, खेळून. बंद गाडीत सापडलेल्यांचं प्रमाण होतं 5 टक्क्यांच्या आसपास. ज्या देशात बंद गाडीतल्या कुत्र्यांबद्दल दर उन्हाळ्यात मोहिमा निघतात, तिथली ही गोष्ट. गाडी धोक्याची नाही असा याचा अर्थ नव्हे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंश सेल्सिअसने चढतं आणि काच बोटभर खाली ठेवून त्यात काही फरक पडत नाही. दिवाळीच्या खरेदीत 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून कुत्र्याला मागच्या सीटवर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण जास्त कुत्री आजारी पडतात ती प्रेमाने फिरायला नेलेली.

शरीराला उष्णतेची सवय व्हायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. जून ते सप्टेंबर घरात, पंख्याखाली नाहीतर एसीत लोळलेला, चार महिन्यांत दोन किलोंनी वाढलेला बीगल दसऱ्याच्या सुट्टीला थेट सिंहगड चढवायला नेला, की सगळी गणितं एकाच सकाळी चुकतात. निघायला उशीर झालेला, पायथ्याशी पोचेपर्यंत साडेआठ, वाटेवर सावली तुरळक, हवा कोंदट. वर पोचून पिठलं-भाकरी खायची घाई माणसांना असते. कुत्र्याला खाली उतरायची वाट तेव्हाही बाकी असते आणि ती अकराच्या उन्हातली. त्याची छाती जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. माणसाच्या डोक्याला जे ऊन वरून लागतं, ते कुत्र्याला वरून आणि तापलेल्या कातळावरून असं दोन्हीकडून लागतं.

डांबराचा हिशेब तर ठरलेला आहे. हवा 25 अंशांची असताना, वारा नसेल तर, उन्हातलं डांबर 50 अंशांच्या वर जाऊ शकतं. पंजाच्या गाद्या जाड असल्या तरी चप्पल नव्हेत. हाताची उलटी बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजावेत. मधेच हात उचलावासा वाटला, तर कुत्र्याने त्यावरून चालू नये.

सगळ्या कुत्र्यांना ऊन सारखंच लागत नाही. चपट्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू, या बाबतीत जन्मतःच अधू. ज्या नाकातून वाफ व्हायची ते नाकच माणसाने हौसेपायी आखूड करून टाकलं. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पगला महाराष्ट्राच्या घराघरात पोचवलं; त्या जाहिरातीतला पग पोराच्या मागे गावभर धावत होता, एवढंच तिच्यात चुकलं. दुसरं टोक हस्कीचं. बर्फात स्लेज ओढायला घडलेला, दुहेरी केसांचा हा कुत्रा पुण्या-नाशकात तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या भरवशावर राहतो. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्र सरकारने 2016 मध्ये निर्बंध घातले, पण हौस तोवर इथे रुजली होती. अशा कुत्र्याचे केस उन्हाळ्यात भादरून टाकायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. वरचे लांब केस उन्हापासून आडोसाही देतात. आतली मेलेली लव ब्रशने काढून टाकणं हे जास्त कामाचं, आणि पावसाळा संपतानाच करायचं.

आपल्या मातीतला कुत्रा याच्या अगदी उलट. लातूर, सोलापूरकडचा कारवान, ज्याला सीमेपलीकडे मुधोळ म्हणतात, तो अंगाने सडसडीत, केस आखूड, पोट आत ओढलेलं, पाय लांब. दख्खनच्या माळावर सशामागे जीव तोडून धावायचं आणि मग सावलीत पडून राहायचं, ही त्याची रीत. 2005 मध्ये डाक विभागाने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात तो होता. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. तरीही उन्हात तोही तापतो. फक्त कधी बसायचं ते त्याला पगपेक्षा लवकर कळतं.

ऊन लागल्याची चिन्हं ओळखायला पदवी लागत नाही. धाप थांबत नाही, सावलीत बसवल्यावरही. लाळ घट्ट, चिकट होते. हिरड्या गडद लाल दिसतात. चाल झोकांड्या खाते, उलटी होते, आणि हाक मारली तरी लक्ष नसतं. इथे बहुतेकांची पहिली धाव गाडीच्या किल्लीकडे जाते, आणि तीच चूक. पशुवैद्यांचं आजचं सांगणं असं, की आधी कुत्रा गार करा, मग दवाखाना. सावलीत न्या, नळाचं, विहिरीचं, बाटलीतलं, जे असेल ते पाणी अंगावर ओता, पोटाखाली आणि मांड्यांच्या मधे जास्त, आणि वारा घाला. पुठ्ठ्याने घाला, ओढणीने घाला. कुत्रा जवान आणि शुद्धीवर असेल तर डोकं वर ठेवून पाण्यात बसवलं तरी चालतं. ओला टॉवेल पांघरून ठेवायची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. काही मिनिटांत तो टॉवेल गरम होतो आणि अंगातली उष्णता आत कोंडतो. तोंडात बळजबरीने पाणी ओतू नये. आणि कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला, तरी दवाखाना चुकवू नये, कारण आतड्याला किंवा मूत्रपिंडाला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग महिनाभर कुत्रा घरातच ठेवायचा का? नाही. लांब फिरणं म्हणजे काय, एवढंच जरा बदलून पाहायचं.

माणूस फिरणं किलोमीटरमध्ये मोजतो. मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं झाली की थरथरतं आणि त्याला धन्य वाटतं. कुत्र्याची मोजणी नाकाने होते. विजेचा एक खांब, एक टपरीचा कोपरा, काल रात्री तिथून कोण गेलं, कोणत्या मनःस्थितीत गेलं, माजावर होतं का, आजारी होतं का, हे सगळं तो वाचतो. त्याला मधेच ओढून 'चल, चल' म्हणणं म्हणजे कुणाच्या हातचा पेपर हिसकावण्यासारखं आहे. कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि शार्लोट ड्युरांटन यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे रोज वास घेऊन शोधायचा खेळ खेळलेली कुत्री, नुसतं मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांपेक्षा, नव्या गोष्टीकडे जास्त आशेने बघायला लागली होती. त्याही आधी, 2003 मध्ये, इस्राएलमधल्या संशोधकांनी स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना पळवून दमवलं आणि मग कामाला लावलं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला स्फोटकं कमी सापडली. कारण उघड आहे. तोंडाने लाहालाहा करायचं आणि नाकाने हुंगायचं, ही दोन्ही कामं एका वेळी नीट होत नाहीत.

म्हणजे उकाड्यात वेगाने केलेली पाच किलोमीटरची फेरी कुत्र्याला दमवते आणि वर त्याचा पेपरही वाचू देत नाही. तोच पाऊण तास एकाच गल्लीत, लांब पट्ट्यावर, तो नेईल तिकडे गेलं, तर अंतर भरतं अर्धा किलोमीटर आणि घरी येऊन कुत्रा गाढ झोपतो. मालकाचा व्यायाम होत नाही, हे खरं. तो त्याने वेगळा करावा.

टेकडीच्या वाटेवर आणखी एक गोष्ट याच महिन्यात तयार होते, ती म्हणजे कुसळ. आपल्या म्हणीत दुसऱ्याच्या डोळ्यात दिसणारं ते हेच. पावसाळ्यात हिरवं लुसलुशीत असलेलं कुसळी गवत ऑक्टोबरात पिवळं पडायला लागतं आणि त्याचं बी मोकळं होतं. बियाच्या एका टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि दुसऱ्या टोकाला पीळ दिलेली लांब शेपटी. ही शेपटी ओली झाली की पीळ सोडते, सुकली की पुन्हा पीळ घेते. या उलटसुलट पिळांच्या जोरावर बी जमिनीत स्क्रूसारखं घुसतं. झाडाची ही युक्ती वाखाणण्यासारखी, पण जमिनीच्या जागी कुत्र्याच्या बोटांमधली कातडी आली की तीच युक्ती तिथेही चालते. लव मागे वळलेली असल्याने कुसळ आत जातं, बाहेर येत नाही. चार दिवसांनी कुत्रा एकच पंजा चाटत बसतो, बोटांमधे फोड येतो, पू होतो. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं करून झटकत राहतो. नाकात गेलं तर एकामागून एक शिंका. टेकडीवरून उतरल्यावर पार्किंगमध्येच पाच मिनिटं बसून चारही पंजे बोटं फाकवून बघणं, कानामागे हात फिरवणं, हे काम घरी जाऊन होत नाही. घरी गेलं की चहा होतो.

कुसळाच्या जोडीला आघाडा आणि गोखरू असतात. त्यांचा उपद्रव कमी, कारण ते वरच्या केसांना चिकटतात. याच चिकटण्यातून एक मोठा धंदा जन्माला आला. 1941 मध्ये स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल आल्प्सच्या डोंगरात कुत्र्याला घेऊन शिकारीला गेला होता. परतल्यावर त्याचे कपडे आणि कुत्र्याचे केस रानटी बियांनी भरलेले. वैतागण्याऐवजी त्याने एक बी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तिचे बारीक आकडे पाहिले, आणि पुढे त्यातून वेल्क्रो निघालं. आज कितीतरी कुत्र्यांच्या छातीपट्ट्याला तेच असतं.

गोचीड हा तिसरा साथीदार, आणि तो सगळ्यांत वाईट. उबदार, दमट हवेत गोचिडीचं अंड्यापासून मोठं होणं झपाट्याने उरकतं. एक मादी हजारो अंडी घालते आणि तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगेत, पायपुसण्याखाली, बाल्कनीतल्या कुंड्यांमागे. त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, घरही झाडावं लागतं. गोचीडतापात कुत्रा आधी फक्त मलूल दिसतो, खात नाही, फिरायला उठत नाही. 'उकाड्याने मरगळला असेल' असं म्हणून याच दिवसांत तीन-चार दिवस वाया जातात आणि तोवर प्लेटलेट्स उतरलेल्या असतात. फिरायचं नाव काढल्यावर पट्ट्याकडे न धावणारा कुत्रा ऑक्टोबरात सरळ डॉक्टरकडे न्यावा.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सी, बॉस्टनकडे राहणाऱ्या मराठी घरांना हा धडा वेगळ्या हवेत मिळतो. तिकडे थंडीची पहिली चाहूल लागल्यावर मधेच काही उबदार, स्वच्छ दिवस येतात. त्यांना 'इंडियन समर' म्हणतात, आणि त्याचा आपल्या भारताशी काही संबंध नाही. पानं लाल-पिवळी, ऊन कोवळं, कुत्र्याला घेऊन रानात जावं असे ते दिवस. पण लाइम आजार पसरवणारी हरणांवरची मोठी गोचीड तिथे नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरात असते. उन्हाळा संपला म्हणून गोचिडीचं औषध थांबवणारा तिथेही फसतो.

ज्यांना पट्टा नाही, त्यांचा ऑक्टोबर वेगळा. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गर्भ साधारण 63 दिवसांचा. म्हणजे आश्विनाच्या उकाड्यात गल्लीतल्या कितीतरी कुत्र्या पोटुशी असतात. दिवसा त्या दिसत नाहीत. बंद दुकानाच्या पायरीखाली, नळाच्या गळतीपाशी उकरलेल्या ओल्या खळग्यात, उभ्या गाडीखाली पडून असतात. त्यांचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. उकाड्याशी कसं वागावं, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून बघायलाही हरकत नाही.

या कुत्र्यांचा आणि उकाड्याचा मुंबईच्या इतिहासात एक वेगळाच संबंध आहे. उष्णतेने कुत्री पिसाळतात, अशी समजूत तेव्हा होती. 1813 च्या नियमाने बेवारस कुत्री मारायची मुभा पोलिसांना मिळाली ती वर्षातल्या तापलेल्या दिवसांपुरती. एकदा उन्हाळ्यात आणि पुन्हा एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे ऑक्टोबर हीट तेव्हाच्या सरकारी कागदातही होती. 1832 मध्ये ही मुदत जूनमध्ये लांबली, बक्षिसाच्या आशेने माणसं घराच्या दारातली कुत्रीही उचलायला लागली, आणि 6 जूनला पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल उसळली. कुत्रा हा पारशांच्या धर्मात मानाचा प्राणी. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. ती भुलेश्वरला आजही आहे. पिसाळण्याचं कारण ऊन नव्हे, विषाणू, हे विज्ञानाने नंतर दाखवून दिलं. त्यावर लस काढणाऱ्या लुई पाश्चरच्या पुण्यतिथीला, 28 सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन पाळतात. ऑक्टोबर त्याला लागूनच येतो. लसीच्या कार्डावरची तारीख बघून ठेवायला तो दिवस सोयीचा.

नेपाळात नरक चतुर्दशीच्या दिवशी कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्यांना टिळा लावतात, गोडधोड खाऊ घालतात. त्याला कुकुर तिहार म्हणतात. आपल्याकडे त्या पहाटे पहिला फटाका फुटतो आणि कुत्री पलंगाखाली जातात. दिवाळीचे चार दिवस पहाटेची फेरी आणखी लवकर, साडेतीन-चारलाच उरकणारी माणसं सापडतात. सुटलेला कुत्रा आवाजाने बिथरून कुठल्या कुठे जातो, म्हणून त्या दिवसांत पट्ट्याची कडी दोनदा तपासावी.

त्यापेक्षा कोजागिरीची रात्र चांगली. आकाश मोकळं, रस्ता निवलेला, फटाके अजून लांब आणि गच्चीवर माणसं जागी. साडेदहानंतर कुत्र्याला घेऊन तासभर रमतगमत हिंडायला वर्षात इतकी सोयीची रात्र क्वचित मिळते. परत आल्यावर तो दुधाच्या पातेल्याकडे बघत बसेल. मसाला दूध त्याला देऊ नये: जायफळ आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात आणि दूधही अनेक मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. त्याच्यासाठी वाडगंभर साधं पाणी ठेवावं, आणि एक वाडगं फाटकाबाहेर.